पानथरी व तिची कागदोपत्रीं साक्ष

वैद्यकाचीं जुनीं बाडें संग्राहकांच्या हातीं आलीं म्हणजे त्यांची वाट बहुधा एकाच रीतीनें लागते. मधल्या एखाद्या कोऱ्या पानावर शकावली, देण्याघेण्याचें टिपण किंवा एखादी वंशावळ उतरलेली असली तर तेवढी नकलून घ्यावयाची, आणि काढे, चूर्णें व मात्रा यांचीं पानें पुन्हा बासनांत बांधून ठेवावयाचीं. ही रीत आम्हांस मान्य नाहीं. रोगाचें नांव हेंही इतिहासाचें साधन आहे. मात्र तें कोणत्या प्रश्नाचें उत्तर देऊं शकतें हें आधीं ठरविलें पाहिजे. एका शब्दापुरतें हें दाखविण्याचा येथें विचार केला आहे. तो शब्द म्हणजे पानथरी.

पानथरी म्हणजे प्लीहा. डाव्या कुशींत, खालच्या बरगड्यांच्या आड हा अवयव असतो. निरोगी प्रौढ माणसांत त्याचें वजन सुमारें १५० ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें तेरा तोळ्यांच्या आंतबाहेर भरतें, व तो पोट चांचपून सहसा हातास लागत नाहीं. लोकांस तो कळतो तो वाढल्यावरच. म्हणून आपल्या भाषेंत अवयवाचें नांव हेंच रोगाचेंही नांव होऊन बसलें. ‘पोराला पानथरी झाली’ असें म्हणणाऱ्या बाईस आपल्या प्रत्येकाच्या पोटांत पानथरी असते हें सांगितलें तर नवल वाटे.

संस्कृत शब्द फार जुना आहे. अवेस्तेंतील ‘स्पॅरॅझन्’, ग्रीक ‘स्प्लेन’ आणि लॅटिन ‘लिएन’ हीं त्याचींच भावंडें होत असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. अथर्ववेदाच्या दुसऱ्या कांडांत, शरीराच्या एकेका भागांतून यक्ष्मा उपटून काढण्याचा जो मंत्र आहे, त्यांत यकृताबरोबर प्लीहेचें नांव आलें आहे. तिसऱ्या कांडांत तर कामदेवाचा बाण प्लीहेला सुकवितो अशी कल्पना आहे. ग्रीकांनीं याच अवयवाच्या ठायीं काळें पित्त व त्यापासून होणारी खिन्नता कल्पिली. यूनानी हकिमांनीं तेंच ‘सौदा’ या नांवानें घेतलें. हकिमी वळणाच्या दक्षिणी बाडांत ‘तिहाल’ हा शब्द दिसला तर तो अरबी असून त्याचा अर्थ पानथरी असाच आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. इंग्रजींत तर प्लीहेचा शब्द चिडखोरपणास रूढ झाला. मनाचे विकार या मुक्या अवयवाच्या माथीं मारण्याची हौस अशी बऱ्याच लोकांस होती.

आपल्या वैद्यकानें मात्र तिचा संबंध रक्ताशीं जोडला. यकृत व प्लीहा हीं दोन्ही रक्तापासून उत्पन्न होतात असें सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत म्हटलें आहे. चरकाच्या विमानस्थानांत रक्तवाही स्रोतसांचें मूळ म्हणून हेच दोन अवयव सांगितले आहेत. त्या स्रोतसांस इजा झाली असतां ताप, दाह, पांडुता व रक्तस्राव हीं लक्षणें होतात असें सुश्रुत सांगतो. चरकाच्या चिकित्सास्थानांतील तेराव्या अध्यायांत प्लीहोदराचें जें वर्णन आहे तें रोग्याच्या पोटावर हात ठेवून केलेलें आहे यांत आम्हांस शंका वाटत नाहीं. डाव्या कुशींतील प्लीहा प्रथम कठीण गोट्यासारखी लागते व वाढत वाढत कासवाच्या आकाराची होते असें तें वर्णन आहे. हिंवतापानें जुनाट झालेली पानथरी ज्यानें एकदां चांचपली आहे त्यास कासवाची उपमा पुन्हा शोधावी लागणार नाहीं. कारणें देतांना चरक दोन वर्ग करतो. एक, वाहनाचे हिसके, अति श्रम, ओझीं वाहणें, वाटचाल आणि रोगानें आलेली कृशता यांमुळें प्लीहा जागेवरून ढळून वाढते; दुसरें, रक्त वाढून ती वाढते. ओझीं वाहणारा, पायीं चालणारा आणि आधींच रोगानें खंगलेला माणूस येथें नजरेसमोर आहे हें लक्षांत घ्यावें. पुढें त्याच्याशीं आपली पुन्हा गांठ पडणार आहे.

उपचारांत सुश्रुतानें डाव्या कोपराच्या आंतील बाजूची शीर उघडून रक्त काढावें व त्या वेळीं प्लीहा हातानें चोळावी असें सांगितलें असून समुद्रशिंपेचा क्षार दुधांतून देण्यास सांगितलें आहे. वातकफाचा जोर असतां डाग द्यावा असें चरकाचें मत आहे, आणि पानथरीवर डाग देण्याची आपल्या खेड्यांतील चाल त्याच कुळांतील दिसते. औषधींत शरपुंखेस, म्हणजे आपल्या उन्हाळीस, ‘प्लीहशत्रु’ हें नांवच मिळालें. रोहितकही याच कामाचा; मराठी वैद्य त्यास रक्तरोहिडा म्हणतात, पण त्या नांवाखालीं निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळीं झाडें विकलीं जातात, तेव्हां बाडांतील नांवावरून झाड ठरविण्याची घाई करूं नये.

यावरून आमच्या पूर्वजांस सर्व कांहीं ठाऊक होतें असा डंका पिटण्याचा आमचा हेतु नाहीं. प्लीहा रक्ताच्या पोटीं जन्मते ही कल्पना आजच्या अर्थानें बरोबर नाहीं. परंतु काळ्या पित्ताची वाट न धरतां रक्ताची वाट धरली, ही दिशा बरोबर होती एवढें म्हणण्यास हरकत नाहीं. आज जें ठाऊक आहे तें थोडक्यांत असें. तांबड्या रक्तपेशींचें आयुष्य सुमारें १२० दिवसांचें असतें. जुन्या झालेल्या, ताठर झालेल्या किंवा रोगजंतूंनीं बिघडलेल्या पेशींस प्लीहेंतील अरुंद फटींतून जातां येत नाहीं. त्या तेथें अडकतात व भक्षक पेशी त्यांस गिळतात. दुसऱ्या भागांत पांढऱ्या पेशींच्या वसाहती असतात, आणि रक्तांत शिरलेल्या जंतूंविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार करण्याचें काम तेथें चालतें. हिंवतापाचा जंतु तांबड्या पेशींत राहतो, म्हणून या तापांत प्लीहेवर दोन्ही कामांचा भार एकदम पडतो व ती फुगते. वर्षानुवर्षें ताप येत राहिला तर ती बेंबीपर्यंतही उतरते. फुगलेल्या प्लीहेचें वेष्टण ताणलेलें असतें. तें लहानशा आघातानें, क्वचित् आघातावांचूनही, फाटतें आणि पोटांत रक्त सांचून माणूस मरतो.

प्लीहा काढून टाकली तरी माणूस जगतो, म्हणून ती निरुपयोगी होय असें मत पुष्कळ काळ रूढ होतें. १९१९ सालीं मॉरिस व बुलक यांनीं उंदरांवर प्रयोग करून प्लीहा नसलेले प्राणी संसर्गास लवकर बळी पडतात असें दाखविलें, पण तिकडे फारसें कोणीं पाहिलें नाहीं. १९५२ सालीं किंग व शूमाकर यांनीं प्लीहा काढलेल्या तान्ह्या मुलांस झालेल्या भयंकर संसर्गांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हां शस्त्रवैद्यांचे हात आंखडले. अलीकडे २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पापुआ प्रांतांतील संशोधनांत तर असें दिसलें कीं, वरून निरोगी वाटणाऱ्या माणसांच्या शरीरांतील हिंवतापाच्या जंतूंपैकीं बहुतेक सर्व प्लीहेंतच दडून असतात. बोटाच्या रक्तांत ते फारच थोडे असतात. ज्या अवयवानें रोग अडवावयाचा तोच त्याचें कोठार होतो असा हा प्रकार आहे.

आतां कागदपत्रांकडे वळूं. प्लीहा मोजून एखाद्या मुलखाचें आरोग्य ठरवितां येईल ही कल्पना प्रथम हिंदुस्थानांत, आणि तीही कालव्यांच्या भानगडींतून, अमलांत आली. यमुनेच्या पश्चिम कालव्यावरील कर्नाल येथील लष्कराची छावणी तापामुळें सोडून द्यावी लागली होती. गंगेचा मोठा कालवा त्या वेळीं हातीं होता; तो पुढें १८५४ सालीं सुरू झाला. तेव्हां कालव्याच्या पाण्यानें मुलूख रोगट होतो काय, हें पाहण्यासाठीं १८४५ सालीं सरकारनें एक समिति नेमली. तींत मेजर बेकर, डॉक्टर डेंप्स्टर व लेफ्टनंट हेन्री यूल हे तिघे होते. हा यूल म्हणजेच पुढें मार्को पोलोच्या प्रवासवृत्ताचें संपादन करणारा आणि बर्नेलबरोबर ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश रचणारा पंडित. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या कपाटांत तो कोश आहे, त्यांस त्याच्या कर्त्यानें तरुणपणीं खेडुतांच्या पानथऱ्यांच्या याद्या जुळविण्याच्या कामीं भाग घेतला होता हें ऐकून मौज वाटेल.

युक्ति डेंप्स्टरची होती. खेड्यांत मृत्यूची नोंद नव्हती. ‘तुला गेल्या वर्षीं किती वेळ ताप आला’ या प्रश्नाचें उत्तर कोणीं नीट देत नसे; कोणास आठवत नसे, कोणी सरकारी माणसास भिऊन खोटें सांगे. पण डाव्या बरगडीखालीं बोटें घातलीं कीं गेल्या कांहीं वर्षांचा ताप बोटांस लागे, तेथें स्मरणाचा व धाकाचा प्रश्न नव्हता. म्हणून गांवोगांव माणसें तपासून शेंकडा किती जणांची प्लीहा वाढली आहे, हें प्रमाण त्यानें काढलें. १८४७ च्या अहवालांत निष्कर्ष आला तो असा कीं, जमीन हलकी व पाण्याचा निचरा चांगला असेल तेथें कालव्यानें विशेष अपाय होत नाहीं. जमीन चिकण व निचरा अडलेला असेल तेथें पानथरीनें गांव भरून जातात. कालव्याच्या बांधांनींच कित्येक ठिकाणीं निचरा अडविला होता. सरकारच्या कामानें रयतेच्या पोटांत काय वाढलें याचा हा सरकारनेंच लिहून घेतलेला जबाब होय. इतिहासाचें साधन म्हणून आम्ही त्याची योग्यता फार मोठी समजतों.

याच्या बरोबर उलट उपयोग त्याच पानथरीचा दुसऱ्या दालनांत होत होता, व तें दालन न्यायालयाचें. पंखेवाला, मोतद्दार, हमाल असा कोणी गरीब माणूस गोऱ्या साहेबाच्या लाथेनें किंवा ठोशानें मेला, म्हणजे डॉक्टरची साक्ष होई कीं याची प्लीहा वाढलेली होती व ती फुटून हा मेला. आणि न्यायाधीश म्हणे कीं मार तर हलकाच होता. अशा खटल्यांची चर्चा नॉर्मन चेव्हर्सच्या १८५६ सालीं निघालेल्या न्यायवैद्यकाच्या ग्रंथांतही आहे. मोफसलींत गोऱ्या आरोपीची चौकशी गोऱ्याच अधिकाऱ्यापुढें चाले, हें येथें सांगणें जरूर आहे. तो निर्बंध सैल करूं पाहणाऱ्या इल्बर्टच्या बिलावर १८८३ सालीं केवढें वादळ उठलें हें प्रसिद्धच आहे.

या खटल्यांपैकीं सर्वांत गाजलेला आग्र्याचा. १८७५ सालच्या अखेरीस एका रविवारीं सकाळीं फुलर नांवाचा इंग्रज वकील सहकुटुंब देवळांत जाण्यास निघाला. गाडी दाराशीं आली तेव्हां मोतद्दार हजर नव्हता. हांक मारल्यावर आला. त्याचें नांव कटवारू. फुलरनें त्याच्या तोंडावर किंवा डोक्यावर चापट मारली व केंस धरून ओढलें. तो खालीं पडला. गाडी प्रार्थनेस निघून गेली. मोतद्दार उठून शेजारच्या आवारांत गेला आणि जवळजवळ लागलाच मेला. डॉक्टरनें सांगितलें कीं वाढलेली प्लीहा फुटली होती व तशा प्लीहेस अगदीं थोडा आघातही पुरे होतो. जॉइंट मॅजिस्ट्रेट लीड्स यानें केवळ दुखापतीचा गुन्हा धरून ३० रुपये दंड केला, न दिल्यास पंधरा दिवस साधी कैद, आणि दंडाची रक्कम मयताच्या विधवेस द्यावी असा हुकूम केला. अलाहाबादच्या हायकोर्टाचें मत विचारण्यांत आलें. शिक्षा जरा हलकी वाटली तरी आक्षेप घेण्यासारखी नाहीं, असें उत्तर मिळालें. १८७६ च्या जुलैंत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यानें एक टिपण लिहून लीड्सवर, प्रांतिक सरकारावर व हायकोर्टावरही ठपका ठेवला. त्याबरोबर इंग्रजी वर्तमानपत्रांनीं लिटनवर झोड उठविली. दोनच वर्षांनीं, १८७८ सालीं, याच लिटननें देशी भाषांतील वर्तमानपत्रांचें तोंड बांधणारा कायदा केला, तेव्हां त्याच्या न्यायप्रीतीचें मोजमाप करतांना दोन्ही कागद शेजारीं ठेवावे.

या खटल्यांत डॉक्टर खोटें बोलला असें सरसकट मानणें बरोबर नाहीं. वर सांगितल्याप्रमाणें फुगलेली प्लीहा खरोखर थोड्या धक्क्यानें फुटते. प्रश्न डॉक्टरच्या साक्षीचा नसून तिच्यावरून काढलेल्या अनुमानाचा आहे. १ जानेवारी १८६२ पासून अंमलांत आलेल्या दंडसंहितेच्या कलम २९९ चें पहिलें स्पष्टीकरण असें होतें कीं, आधींच रोगी असलेल्या माणसास इजा करून त्याचें मरण लवकर ओढवलें तर तें मरण इजा करणाऱ्यानेंच घडविलें असें समजावें. म्हणजे रोग ही मारणाऱ्याची ढाल नव्हे. कलम ३०० खालील एका उदाहरणांत मात्र, मारणाऱ्यास रोग ठाऊक होता कीं नव्हता, यावर खुनाचा निर्णय टांगलेला आहे. साहेबांचे वकील याच फटींतून बाहेर पडत. या मोतद्दाराच्या पोटांत पानथरी आहे हें आरोपीस कसें कळावें?

खून ठरत नव्हता हें मान्य करूं. परंतु अविचाराच्या कृत्यानें मृत्यु घडविणें हा गुन्हा ३०४-अ या कलमानें १८७० सालींच संहितेंत आला होता, व तो आग्र्याच्या न्यायाधीशास ठाऊक असला पाहिजे. आणि ज्ञानाचाच प्रश्न असेल तर, याच यमुनेच्या वरच्या अंगास कालव्यांच्या मुलखांत प्लीहावृद्धीचें शेंकडा प्रमाण सरकारी समितीनें अठ्ठावीस वर्षांपूर्वीं काढून ठेवलें होतें. अशा मुलखांत वर्षानुवर्षें राहिलेल्या, त्यांतून वकिली करणाऱ्या माणसानें, राबणाऱ्या माणसाचें अंग नाजुक असूं शकतें हें मला ठाऊक नव्हतें असें म्हणावें, आणि तें ऐकून घेतलें जावें, हें आम्हांस पटत नाहीं. एका दप्तरांत जें सर्वांस ठाऊक म्हणून आंकड्यांनिशीं नोंदलें गेलें, तेंच दुसऱ्या दप्तरांत कोणासही ठाऊक नव्हतें असें ठरलें. दोन्ही दप्तरें एकाच सरकारचीं होतीं. हे कागद वेगवेगळ्या कपाटांत राहिल्यामुळें त्यांची गांठ सहसा कोणीं घातली नाहीं.

पुढील हकीकत परिचित आहे. १८८० सालीं लाव्हराननें रक्तांत हिंवतापाचा जंतु पाहिला, १८९७ च्या ऑगस्टांत सिकंदराबादेस रॉसनें तो डांसाच्या जठरांत पाहिला. १९०३ सालीं लीशमन व डोनोव्हन यांचे शोध प्रसिद्ध झाले, आणि बंगाल-आसामकडील पुष्कळशा पानथऱ्या हिंवतापाच्या नसून काळआजाराच्या होत्या असें कळलें. तोही जंतु प्लीहेंतच सांपडला. डेंप्स्टरची पद्धत मात्र टिकली. रॉसनें मॉरिशस बेटांत १९०७-०८ सालीं तिचा उपयोग केला. मुंबईंत बेंटले यानें शहरांतील हिंवतापाची जी चौकशी केली तिचा अहवाल १९११ सालीं निघाला, आणि घरोघरच्या विहिरींतील डांस हें तापाचें मूळ असें ठरलें. विहिरी बुजविण्याच्या हुकुमांस धार्मिक हरकती आल्या, कांहीं विहिरी झांकून ठेवण्यावर निभावलें. मुंबईंतील जुन्या विहिरींचा इतिहास लिहूं इच्छिणाऱ्यांनीं हे कागद अवश्य पाहावे.

मराठी बाडांकडे पुन्हा येऊं. त्यांतील ‘पानथरी’ हा शब्द दिसला कीं लागलेंच हिंवताप असें लिहून मोकळें होऊं नये. यकृताच्या जुनाट रोगांतही प्लीहा वाढते. विदर्भ व खानदेशाच्या कांहीं जमातींत रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होण्याचा जो आनुवंशिक विकार आहे, त्यांत लहानपणीं प्लीहा वाढते व पुढें पुष्कळदां आक्रसून जाते. हा विकार हिंदुस्थानांत प्रथम १९५२ सालीं निलगिरींत ओळखला गेला, तेव्हां जुन्या वैद्यांच्या लेखीं तो पानथरींतच मोडत असला पाहिजे. एकांतरा, तिजारा किंवा हिंव यांचा उल्लेख त्याच नोंदींत असेल, आणि महिना भाद्रपद ते कार्तिक यांमधला असेल, तर मात्र हिंवतापाकडे कौल जातो.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं अशीं बाडें किंवा वैद्यांच्या रोजच्या वह्या आहेत, त्यांनीं नक्कल करतांना औषधाची कृति गाळली तरी चालेल, परंतु रोग्याचें गांव, वय, धंदा व तिथि गाळूं नये. नोंदीशेजारीं डाग दिल्याचा उल्लेख असल्यास तोही उतरावा. गांव तळ्याकांठचें, पाटाखालचें कीं घाटमाथ्यावरचें, हें नकलेच्या शेवटीं कंसांत लिहावें. एकाच गांवाच्या वीसपंचवीस नोंदी जरी मिळाल्या तरी त्या तळ्याचा किंवा पाटाचा काळ ठरविण्यास त्यांचा उपयोग होऊं शकेल.